मराठी शाळेतून कॅथलिक हायस्कूलमध्ये: आठवीच्या सत्रारंभाचा एका पालकाने घेतलेला आढावा

बेळगाव शहरात सिस्टरांच्या संस्थेमार्फत चालवल्या जाणाऱ्या एका कॅथलिक माध्यमिक शाळेत यंदा आमच्या मुलीने आठवीसाठी प्रवेश घेतला. सातवीपर्यंत ती खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकली. सत्रारंभ होऊन आता एफए-१ ही पहिली चाचणी पार पडली आहे, त्यामुळे सुरुवातीच्या काळाविषयी सावकाशपणे आणि पुराव्यानिशी काही लिहिता येईल असे वाटते. पुढे काही तक्रारीही मांडल्या आहेत. त्या शाळेकडे लेखी दिल्या आहेत आणि त्यांचा विचार सुरू आहे, म्हणून शाळेचे नाव येथे लिहीत नाही. आमच्या भागातून दरवर्षी अनेक मुले मराठी माध्यमातून अशा शाळांमध्ये जातात, त्या पालकांना प्रवेशापूर्वी काय पाहावे हे कळावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

शाळेच्या फाटकाबाहेर दहावीच्या निकालाचा फलक लावलेला असतो आणि बहुतेक पालक तो वाचूनच आत जातात. माझ्या मते आठवीत प्रवेश घेणाऱ्याने त्या फलकापेक्षा जून महिना पाहावा. बालवर्गापासून त्याच शाळेत वाढलेली, इंग्रजीत सराईत झालेली मुले दहावीत चांगले गुण मिळवणारच. बाहेरून आलेल्या, शिक्षकांचे निम्मे बोलणे न कळणाऱ्या मुलीला शाळा पहिल्या काही आठवड्यांत कशी सामावून घेते, यावरून त्या शाळेची पारख करावी. आमच्या शाळेने हे काम मनापासून केले, आणि जेथे ती कमी पडली तेथे तिचे कमी पडणे प्रामुख्याने आम्हा मराठी पालकांनाच जाणवणारे होते.

बेळगाव परिसराला कॅथलिक शाळा नव्या नाहीत. कॅम्पमधील येशूसंघीयांचे (जेझुइटांचे) सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ पासूनचे आहे, म्हणजे १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन होण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचे. शिस्त, इंग्रजी आणि वेळच्या वेळी होणारे वर्ग या तीन गोष्टींसाठी खानापूर, निपाणी, अगदी सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातील चंदगडपासूनची कुटुंबे मुलांना कॉन्व्हेंटमध्ये घालण्याची धडपड करतात. आमच्या मुलीच्या वर्गात ख्रिस्ती मुली थोड्या आहेत. मराठा, लिंगायत, जैन आणि मुस्लिम घरांतील मुलींची संख्या अधिक आहे, आणि घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा मराठी, कन्नड, कोकणी व उर्दू अशा चारही आहेत.

प्रवेशाची प्रक्रिया नीटनेटकी होती. लेखी परीक्षा घेतली नाही. मुख्याध्यापिका सिस्टरांनी मुलीशी थोडा वेळ गप्पा मारल्या, तिच्याकडून एक उतारा मराठीतून व एक इंग्रजीतून वाचून घेतला आणि तिचे इंग्रजी वाचन अडखळत असूनही त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. मूळ शाळेचा दाखला, एसएटीएस क्रमांक (राज्याच्या विद्यार्थी नोंदणीतील क्रमांक), आधार कार्ड आणि जातीचा दाखला एवढी कागदपत्रे लागली. चंदगड तालुक्यातून आलेल्या एका पालकांना महाराष्ट्रातील दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणण्यासाठी परत जावे लागले. ही सूचना अर्जासोबत आधीच छापली असती तर त्यांची फेरी वाचली असती. शुल्काचे तीन हप्ते होते आणि पावतीशिवाय एक रुपयाही मागितला गेला नाही, हे आवर्जून नोंदवतो.

खर्चाचा विचार मात्र प्रत्येकाने नीट करावा. शिक्षण हक्क कायद्यातील दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांची तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही, त्यामुळे शुल्क पूर्ण भरावे लागते. त्यातच ही विनाअनुदानित शाळा आहे. सरकारी शाळेत मिळणारी मोफत पाठ्यपुस्तके, गणवेश आणि माध्यान्ह आहार येथे नाही. पुस्तके विकत घ्यावी लागतात आणि डबा घरून न्यावा लागतो. गावच्या शाळेतून येणाऱ्या कुटुंबाचा हिशेब फक्त शुल्काच्या आकड्यावर केला तर तो जुलैपर्यंत कोलमडतो. गणवेश ठरावीक एका दुकानातूनच घ्यावा, हा आग्रह मला पटला नाही. कापड चांगले होते आणि शिवणही पक्की होती, पण खेळाच्या तासाचा पोशाख शाळा सुरू झाल्यावर बऱ्याच उशिरा मिळाला, आणि तोवर मुलींना नेहमीच्याच गणवेशात मैदानावर जावे लागले. कापडाचा रंग व नमुना जाहीर करून पालकांना खडेबाजारात किंवा आपल्या गावच्या शिंप्याकडे जाण्याची मुभा दिली, तर कोणाचेच नुकसान होणार नाही.

कर्नाटकात शाळा मेच्या अखेरीस भरतात. सीमेपलीकडची आमची भावंडांची मुले अजून सुट्टीत असतात, शेतात रोहिणीच्या पेरणीची घाई असते आणि अशा वेळी आठवीची मुलगी नव्या दप्तरासह शहराची एसटी पकडते. पहिल्या दिवशी नव्या मुलींना फाटकाशी उभ्या असलेल्या दहावीच्या मुलींनी वर्गापर्यंत नेले, आणि पुढे महिनाभर प्रत्येक नव्या मुलीसाठी एक जुनी मुलगी सोबतीण म्हणून नेमून दिली होती. स्वच्छतागृह कोठे आहे, ग्रंथालयातील पुस्तक कसे घ्यायचे, कोणत्या टीचरांना काय चालत नाही, हे सारे नवख्या मुलीला सोबतिणीकडून कळते. आमच्या मुलीची सोबतीण कन्नड घरातील होती. ती निवड मुद्दाम केलेली होती असे वर्गशिक्षिकांनी सांगितले, आणि त्याचा उपयोग मुलीच्या कन्नडला झालेला मला घरी दिसतो.

या आढाव्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग सेतुबंधाचा आहे. शिक्षण खात्याच्या कार्यक्रमाप्रमाणे राज्यातील शाळांनी वर्षाच्या सुरुवातीला मागील इयत्तेतील आवश्यक क्षमतांची पूर्वचाचणी घ्यायची, कच्चे राहिलेले भाग पुन्हा शिकवायचे आणि मग उत्तरचाचणी घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे. पुष्कळ ठिकाणी तिची कागदोपत्री बोळवण होते, कारण खासगी शाळांना धडे लवकर संपवण्याची घाई असते. या शाळेने मात्र सेतुबंधाच्या काळात नवा धडा औपचारिकपणे सुरू केला नाही. पूर्वचाचणीतील गणिताचे प्रश्न इंग्रजीत छापलेले होते, पण ज्या मुली मराठी, कन्नड किंवा उर्दू माध्यमातून आल्या होत्या त्यांना प्रश्न तोंडी समजावून सांगितले गेले. त्यामुळे मुलीला गणित येत नाही की प्रश्नाची भाषा कळत नाही, हे शिक्षकांना वेगवेगळे दिसले. आमच्या मुलीला परिमेय संख्यांवरील क्रिया येत होत्या. शाब्दिक उदाहरणांत ती अडत होती. पूर्वचाचणीनंतर आम्हाला जो कागद मिळाला त्यात नेमके हेच लिहिले होते. एखाद्या शाळेने माझ्या मुलीबद्दल इतक्या काळजीने काही लिहिले याचे मला मनापासून समाधान वाटले.

नव्या मुलींच्या पालकांना सेतुबंधाच्या अखेरीस एका दिवशी वर्गात मागे बसून तास पाहण्याची परवानगी होती. मी विज्ञानाच्या तासाला बसलो. आठवीच्या विज्ञानात पीक उत्पादनाचा धडा आहे, आणि त्याची ओळख करून देताना टीचरांनी भाताची पेरणी प्रत्यक्ष कोणी पाहिली आहे असे विचारले. शहरातील मुली गप्प राहिल्या. खानापूर भागातील तीन-चार हात वर झाले. आमची मुलगी उभी राहिली आणि इंग्रजी शब्द शोधत थांबली, तेव्हा टीचर म्हणाल्या, "सांग की, मराठीत सांग. इंग्रजी मी फळ्यावर लिहिते." मग तिने धूळवाफ पेरणी सांगितली: पावसाआधी कोरडी जमीन कशी तयार करतात, कुरीने बी कसे पेरतात आणि उगवण झाल्यावर कोळपणी का करावी लागते. जांबोटीकडची एक मुलगी उठून म्हणाली की आमच्याकडे पाऊस फार, आम्ही तरवा टाकतो, म्हणजे आधी रोपे वाढवतो, आणि चिखलणी करून लावणी करतो. टीचरांनी फळ्याच्या दोन बाजूंना दोन्ही पद्धतींची चित्रे काढली, प्रत्येक कामाखाली इंग्रजी शब्द लिहिला आणि सगळ्या वर्गाला ते वहीत उतरवून घ्यायला सांगितले. पाठ्यपुस्तकात भाताची रोपे आधी वाफ्यात वाढवून मग शेतात लावतात एवढेच दिलेले आहे. धूळवाफेचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे त्या दिवशी पुस्तकाबाहेरची माहिती वर्गाला देणाऱ्या मुली म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या मुलीच होत्या. त्यानंतर आमच्या मुलीने वर्गात तोंड उघडायला सुरुवात केली, असे तिच्या वर्गशिक्षिकांनी पुढच्या भेटीत सांगितले. या एका तासासाठी मी या शाळेला इतर अनेक गोष्टी माफ करायला तयार आहे.

गणिताच्या बाबतीत इतके समाधान नाही. सेतुबंध संपताच वेग एकदम वाढला, आणि जादा तास शाळा सुटल्यानंतर ठेवला गेला. खानापूरकडच्या मुलींची संध्याकाळची बस त्यामुळे चुकत असे, आणि ज्यांच्यासाठी तो तास होता त्याच मुली त्याला बसू शकत नव्हत्या. पालकांनी हे लक्षात आणून दिल्यावर तो तास शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यानंतर घेतला जाऊ लागला. शाळेने ऐकले ही चांगली गोष्ट आहे. मात्र विद्यार्थिनी कोठून येतात याची यादी कार्यालयात असताना हा विचार वेळापत्रक लावतानाच व्हायला हवा होता.

कन्नडविषयी अनेक मराठी पालकांच्या मनात धास्ती असते. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानुसार राज्यातील सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. आमच्या भागातील सरकारी मराठी शाळांतून आलेल्या मुलींना कन्नडची तोंडओळख असते, म्हणून त्यांचे फारसे अडत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या मुलीची स्थिती वेगळी आहे. तिला आठवीत अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागते. अशा दोन मुलींसाठी कन्नडच्या सरांनी मधल्या सुट्टीत स्वतंत्र वेळ दिला हे मी स्वतः पाहिले. चंदगडकडच्या पालकांनी तरीही हा भार लक्षात घेऊनच निर्णय करावा आणि शक्य असेल तर मे महिन्यातच मुलांना बाराखडी गिरवायला लावावी.

धर्माचा प्रश्न नातेवाइकांनी आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना देताना अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या सभेत संविधानाची उद्देशिका वाचावी असे सांगितले आहे. कर्नाटक सरकारने त्याआधी, २०२३ मध्येच, उद्देशिकेचे वाचन शाळांतून सुरू करण्याचा निर्णय घेतला होता. आमच्या शाळेतील सकाळची सभा नाडगीत (कर्नाटकाचे राज्यगीत), एक सर्वसाधारण प्रार्थना, उद्देशिकेचे वाचन, दिवसाची बातमी आणि राष्ट्रगीत अशी असते. उद्देशिका एक दिवस इंग्रजीत आणि एक दिवस कन्नडमध्ये वाचली जाते.

नव्या वर्षाच्या आरंभी कॅथलिक शाळांमध्ये पवित्र आत्म्याला आवाहन करणारी मिस्सा अर्पण करण्याची प्रथा आहे. त्या दिवशी ख्रिस्ती मुली प्रार्थनागृहात गेल्या आणि बाकीच्यांना वर्गात वाचनासाठी पुस्तके दिली गेली. ज्यांना पाहायला यायचे आहे त्यांनी यावे असे सांगितले होते. आमची मुलगी गेली नाही आणि त्याबद्दल तिला कोणी काही विचारले नाही. आठवड्यातील ठरावीक तासाला ख्रिस्ती मुली धर्मशिक्षणासाठी वेगळ्या वर्गात जातात आणि इतरांना मूल्यशिक्षण असते. मूल्यशिक्षणाच्या पहिल्या तासांत रागावर ताबा, खोटे बोलणे आणि मैत्री या विषयांवर चर्चा झाल्या. छोटी टिकली चालते. काचेच्या बांगड्या मैदानावर फुटून इजा होते म्हणून शाळेत घालू नयेत, असे नियमपुस्तिकेत कारणासह दिले आहे. शाळेच्या दिनदर्शिकेत गणपतीच्या आठवड्यात एकही चाचणी ठेवलेली नाही. खानापूर तालुक्यातील घराला या एका नोंदीने किती हायसे वाटते, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही.

शिस्त कडक आहे, परंतु मारहाण नाही. दोन वेण्या, पॉलिश केलेले बूट, डायरीवर पालकांची रोजची सही, आणि मोबाइलला पूर्ण बंदी. पाठ्यपुस्तके दोन भागांत असल्याने आणि प्रयोगवही शाळेतच ठेवून घेतली जात असल्याने दप्तराचे वजन आटोक्यात आहे; सहावी ते आठवीसाठी राज्याने ३ ते ४ किलोची मर्यादा २०१९ मध्ये घालून दिली होती आणि महिन्याचा तिसरा शनिवार दप्तराविना ठेवण्यास सांगितले होते, तो येथे पाळला जातो.

प्रवासाबाबत मुलींच्या पालकांचा भार हलका झाला आहे. ११ जून २०२३ पासूनच्या शक्ती योजनेमुळे राज्यातील मुलींना साध्या सरकारी बसमधून मोफत जाता येते. मुलाला पाठवायचे असेल तर विद्यार्थी पाससाठी सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी शाळेकडून लागणारी माहिती पहिल्याच आठवड्यात घ्यावी. महाराष्ट्रातील रहिवासी मुलींना शक्तीचा लाभ मिळत नाही. जोराच्या पावसात बसने जाणाऱ्या मुलींना शाळा थोडी आधी सोडते आणि बसस्थानकापर्यंत गटाने पाठवते, ही व्यवस्था मला फार आवडली.

आता तक्रारीकडे येतो. शाळेच्या सर्व सूचना इंग्रजीत आणि काही कन्नडमध्ये येतात. पालकसभेत सिस्टर कन्नड व इंग्रजीतून बोलल्या, आणि नंतर मराठी पालकांच्या प्रश्नांना त्यांनी कोकणी वळणाच्या मराठीत, अगदी शांतपणे उत्तरे दिली. समोर बसलेल्या माणसाशी शाळा मराठीत बोलते. घरी गेलेल्या कागदावर मात्र मराठी नसते. माझ्या शेजारी बसलेल्या आजी नातीची सगळी जबाबदारी एकट्याने पाहतात. त्या मराठी चांगले वाचतात, पण फोनवर आलेली चाचणीची सूचना त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. महत्त्वाच्या सूचनांचा मराठी व उर्दू मजकूर सोबत देणे शाळेला जड नाही. वर्गात मुलीला तिच्या भाषेत बोलू देणाऱ्या शाळेने तिच्या आजीलाही तेवढाच मान द्यावा, असे मी लेखी कळवले आहे.

दुसरी गोष्ट मराठी विषयाची. एसएसएलसी या राज्याच्या दहावीच्या परीक्षेत पहिल्या भाषेला १२५, म्हणजे इतर विषयांपेक्षा अधिक गुण असतात. पहिली भाषा म्हणून मराठी घेण्याची सोय राज्याच्या परीक्षेत आहे, मात्र या शाळेत पहिली भाषा इंग्रजी, दुसरी कन्नड आणि तिसरी हिंदी एवढीच रचना आहे. म्हणजे सात वर्षे मराठीत वाचणारी मुलगी आठवीत आल्यावर तिच्या अभ्यासातून मराठी पूर्णपणे जाते. ग्रंथालयात मराठीचे एक कपाट आहे, त्यातील पुस्तके चांगली आहेत आणि मुलगी ती आणते. तरी परीक्षेचा विषय असणे आणि आवडीने वाचणे यांत फरक आहे. इंग्रजी माध्यम आम्ही स्वतः निवडले, त्याबद्दल शाळेला दोष देत नाही. परंतु प्रत्येक तुकडीत मराठी घरांतील इतक्या मुली असताना हा पर्याय देण्याचा विचार व्हायला हवा. सिस्टरांशी याविषयी बोललो तेव्हा त्यांनी टाळाटाळ केली नाही. पुरेशा मुलींच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळीच लेखी मागणी केली तर शिक्षिका नेमण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे ठेवता येईल, असे त्यांनी सांगितले.

म्हणून पुढच्या वर्षी ज्यांच्या मुली आठवीत येणार आहेत त्या मराठी पालकांना एवढेच सुचवतो की, अर्ज भरतानाच मराठी ही पहिली भाषा हवी असल्याचे वेगळ्या कागदावर लिहून द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि गावातील इतर पालकांनाही तसे करायला सांगावे. दाखला व एसएटीएस क्रमांक यांची कामे परीक्षा संपताच उरकावीत, गणवेशाची नोंदणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात करावी, आणि सेतुबंधाच्या काळात मुलीला लग्नकार्यासाठी किंवा पेरणीसाठी घरी ठेवू नये, कारण या शाळेचे सर्वांत चांगले शिकवणे त्याच आठवड्यांत होते.